टॉवर मुका, मुदत चालू

काट्यावर जेवढा ऊस भरला तेवढेच पैसे आपल्याला मिळतात. फोन कंपन्यांचा हिशेब उलटा : सेवा मिळो न मिळो, पैसे आगाऊ. मे 2021 च्या तौक्ते वादळात मालवण किनाऱ्यावर वीज गेली, टॉवर मुके झाले. रिचार्जचे दिवस मात्र सरत होते. जिल्ह्यात 24 तासांहून अधिक सेवा बंद राहिल्यास मुदत वाढवून द्यावी, असा दूरसंचार नियामकाचा 2024 चा नियम आहे. पण त्यातून नैसर्गिक आपत्ती वगळली आहे. वादळ काय गिऱ्हाइकाने आणले? जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे कसले? ही सवलत वादळातही हवी. ग्रामसभेत तसा ठराव करा नि दिल्लीला धाडा.