पॉवर बँक कुठे ठेवली आहे?

‘बॅगेत पॉवर बँक आहे का?’ चेक-इन काउंटरवर हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की, आपण बॅगेकडे न पाहताच ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. पाण्याची बाटली चालत नाही, नेलकटर काढून घेतात, तसाच हाही एक जाच, असे अनेकांना वाटते. तो जाच नाही, आणि त्यामागचे विज्ञान समजून घेण्याजोगे आहे.

पॉवर बँकेत लिथियम-आयन घट असतात. प्रत्येक घटात दोन विद्युतअग्रांमध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि आतला द्राव ज्वलनशील असतो. मार बसून, जास्त चार्ज होऊन किंवा मुळातल्या दोषामुळे तो पडदा फाटला की आत शॉर्टसर्किट होते. त्या उष्णतेने रासायनिक प्रक्रिया वेग घेते, ती आणखी उष्णता निर्माण करते आणि शेजारचा घट पेटतो. ज्वाला विझवली तरी आतली उष्णता थांबत नाही, हीच खरी अडचण. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाला दाबतो, पण घट थंड करत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१७ मध्ये बॅगेत लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवून पाहिली. शेजारी ड्राय शाम्पूचा एक स्प्रेचा डबा होता. मिनिटभराच्या आत स्फोट झाला, म्हणजे हॅलॉनचा परिणाम होण्याआधीच. सुटी बॅटरी नेहमी हातसामानात ठेवायची, ती यासाठी. केबिनमध्ये माणसे असतात, त्यांना धूर दिसतो आणि घट थंड करायला त्यांच्याकडे पाणी असते.

पण हातसामानात म्हणजे नेमके कुठे? २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाच्या तयारीत असताना डोक्यावरच्या कप्प्यातून आग लागली. विमानात १७६ जण होते. सगळे बाहेर पडले, पण विमानाचे छत जळून गेले. पॉवर बँकेतील बिघाड हेच संभाव्य कारण, असे तपासकर्त्यांनी नंतर सांगितले. त्या देशाने १ मार्चपासून पॉवर बँक कप्प्यात ठेवायला बंदी केली. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात धावपट्टीकडे जाताना एका प्रवाशाच्या उपकरणाने पेट घेतला. ते पुढच्या आसनाच्या खिशात होते. कर्मचाऱ्यांनी काही क्षणांत आग आटोक्यात आणली. आग दिसली, म्हणून हात लगेच पोहोचला.

नियम चांगला आहे, पण तो पाळणे सोपे करण्याची जबाबदारी कुणी घेत नाही. मर्यादा वॉट-तासांत आहे: १०० पर्यंत मुभा, १०० ते १६० विमानकंपनीच्या परवानगीने, त्यापुढे मनाई. दुकानात मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते ‘२०,००० एमएएच’. एमएएचला ३.७ ने गुणून १,००० ने भागले की वॉट-तास मिळतात: २०,००० चे ७४, ३०,००० चे १११. हे गणित प्रवाशाने रांगेत का करावे? वॉट-तासांचा आकडा तितक्याच ठळकपणे छापणे उत्पादकांना बंधनकारक हवे. पॉवर बँकेला आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, तरी रस्त्यावरच्या स्वस्त मालात ती कोण तपासतो?

दुसरी फट गेटवर आहे. कप्पे भरले की शेवटच्या प्रवाशांची छोटी बॅग ऐनवेळी खाली सामानकक्षात पाठवतात. काउंटरवर विचारलेला प्रश्न तेव्हा घाईत विसरला जातो आणि पॉवर बँक नेमकी नको तिथे जाऊन बसते. बॅग हातातून सोडण्याआधी ती काढून खिशात घ्या. कंपन्यांनीही तो प्रश्न गेटवर पुन्हा विचारावा.

आणि मोबाइल आसनाच्या फटीत पडला, तर आसन मागेपुढे करून शोधू नका. यंत्रणेत चिरडलेली बॅटरी तिथेच पेटू शकते. केबिन कर्मचाऱ्यांना बोलवा. मोबाइल काढण्याची पद्धत त्यांना माहीत असते.