कोकराचं वजन आणि मेंढराची चाल

रविवार आहे, तेव्हा मटणाचा विषय काढला तर कुणी रागावू नये. (शाकाहारी वाचकांची आधीच क्षमा मागतो.) आमच्या खाटकाचं पालुपद ठरलेलं, "साहेब, मेंढराला पूर्वीसारखं मांसच राहिलं नाही." हल्ली शिकलेली मंडळीही तोच सूर लावतात; परदेशी भरदार मेंढे आणा, दख्खनी मेंढी सुधारा! मला हे पटत नाही.

भरदारपणाचं गुपित आता बरंच उकललं आहे. अंगात मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन असतं. स्नायूंची वाढ आवरणं हे त्याचं काम; लगामच म्हणा ना. १९९७ साली अमेरिकेत उंदरांमधला हा लगाम काढला, तर उंदीर पैलवान झाले! हॉलंडच्या टेक्सेल मेंढ्यांचं कोडं २००६ साली सुटलं. त्यांच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. प्रथिनाची कृती शाबूत, पण त्या अक्षरामुळे स्नायूंतले चिमुकले आरएनए तिथे चिकटतात आणि प्रथिन कमी बनतं. लगाम तुटत नाही, ढिला होतो.

पण प्रत्येक भरदार मेंढा लाभाचा नसतो. १९८३ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात एक डॉर्सेट मेंढा जन्मला. त्याचे पुठ्ठे असे भरले, की मालकाला सोनंच सापडलं. नावही 'सॉलिड गोल्ड'! त्याची कोकरं जन्मतः इतरांसारखीच, काही आठवड्यांनी मागून फुगू लागत. चरबी कमी, मांस जास्त. पण ते चावता चावेना. त्यात हा गुण बापाकडूनच यावा लागतो. आईकडूनही आला तर कोकरू साधंच निपजतं. निसर्गाचा हिशेब आपल्या वहीत मावत नाही तो असा.

माझं बालपण माणदेशात गेलं. दिवाळीनंतर आमच्या रानात धनगरांची मेंढरं बसत. लेंड्यांच्या खताच्या बदल्यात आजी वाड्यावर धान्य धाडी. पहाटे कळप निघे, तेव्हा रात्री जन्मलेली कोकरं घोड्यावरच्या ओझ्यात असत. त्या मेंढीचं मोल तिच्या पायांत होतं. उन्हात कोसन्‌कोस चालून, कुसळं खाऊन जगायचं आणि वाटेतच विणायचं. जड अंगाची मेंढी हे करील?

मांस वाढवायचा दुसरा रस्ता फलटणच्या निंबकर संस्थेने दाखवला. सुंदरबनातल्या इवल्याशा गरोल मेंढीतलं जुळी देणारं जनुक तिथे दख्खनी मेंढीत उतरवलं. मेंढी चालती राहिली, कोकरं वाढली. अर्थात जुळ्यांना दूध पुरायचं तर आईला चारा हवा, आणि गायरानं तर आपण गिळत चाललो आहोत. त्यावर कुणी बोलत नाही.

जतकडची माडग्याळ मेंढी उंच, अंगाने बरी. तिच्यातलेच चांगले मेंढे वजन करून, वंश लिहून निवडायला काय हरकत आहे? धनगराला सोबत घेऊन, त्याच्या वाड्यावर जाऊन. टेक्सेलचा मेंढा तोवर आपल्या थंड कुरणात सुखी असो.