३२ इंच म्हणजे नेमके किती?

सीताबर्डीवरील एका दुकानात ३२ आकड्याची सुती पँट बेताची बसावी, शेजारी त्याच आकड्याची डेनिम मांडीतच अडावी आणि तिसरीकडची कंबरेवरून घसरावी, हा अनुभव नागपूरकरांना नवा नाही. गिऱ्हाईक आपल्या देहाला दोष देते, नाहीतर दुकानदाराला. खरा दोष त्या आकड्याचा आहे. तो नेमके काय मोजतो, हे कोणी सांगत नाही.

पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचे किंवा गांधीबागेतून आणलेले कापड शिंप्याकडे जाई. जाणता शिंपी ते आधी भिजवून वाळवायला सांगे आणि मग कंबर, आसन, मांडी, मोहरी अशी मापे घेई. तयार कपड्यांनी हा क्रम उलटा केला. माप आधी ठरते, माणूस मागाहून येतो.

आकडे बदलण्यास सबळ कारणेही आहेत. बेंबीखाली बसणाऱ्या पँटचा पट्टा कंबरेवर नव्हे, तर नितंबाच्या बाजूला, अधिक घेराच्या जागी येतो. साहजिकच ३२ कंबरेच्या माणसासाठी तो ३३-३४ इंच ठेवावा लागतो. लायक्रा मिसळलेले कापड ताणते, म्हणून ते तंग कापतात. टेरिकॉट फारसे ताणत वा आटत नाही. सुती कापड तीन टक्के आटले, तर ४० इंचांची लांबी सुमारे सव्वा इंचाने घटते. कंबरेवरच्या तीन शिवणी एकेक सूत जादा आत गेल्या, तर दोन्ही बाजूंचे कापड धरून पाऊण इंच जातो. हे सारे क्षम्य आहे. मात्र गिऱ्हाइकाला सुखावण्यासाठी ३४ च्या पँटवर ३२ चा शिक्का मारणे क्षम्य नाही.

वाण्याचे वजन सरकार तपासते. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीच झाला, तरी पँट इंचातच अडकली आहे. २०२२ च्या नियमदुरुस्तीने सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर मापाच्या खुणेसोबत सेंटिमीटरचा आकडा अपेक्षिला. भारतीय देहांची मापे घेण्यासाठी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीने पाहणी हाती घेतली. तिच्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत नागपूर नाही. अशी पाहणी उपयुक्त आहे, परंतु तिने कापडाचा स्वभाव बदलत नाही.

सर्वांनी एकच साचा वापरावा, अशी मागणी कोणी करणार नाही. देहाची कंबर किती, शिवलेला पट्टा किती, आसन किती आणि धुतल्यावर कापड किती आटेल, एवढ्या चार ओळी चिठ्ठीवर असाव्यात. भंडारा किंवा गोंदियाहून महिन्यातून एकदा नागपुरास येणाऱ्या विद्यार्थ्याला पँट बदलण्यासाठी दुसरी फेरी परवडत नाही. शेरभर धान्यात छटाक कमी भरले तर त्याला आपण लबाडी म्हणतो. कंबरेचे दोन इंच मात्र फॅशन म्हणून सोडून देतो.