आपलें रान आधीं

भूगोलाच्या तासास विषुववृत्तावरील सदाहरित वर्षारण्यांचा पाठ संपला, कीं दरवर्षीं एक प्रश्न हटकून येतो: “सर, आपली सहल असल्या जंगलांत कां जात नाहीं?” प्रश्न गैर नाहीं. असें अरण्य पाहावयास ॲमेझॉनच्या तीरींच गेलें पाहिजे असेंही नाहीं. आपल्या सह्याद्रीवर आंबोलीसारख्या ठिकाणीं तें आहे. परंतु आंबोली पडली महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास. धानाच्या पिकावर संसार चालविणाऱ्या पालकांस तो खर्च झेपणारा नाहीं, आणि एका दिवसाचें तर तें कामच नव्हे. म्हणून गेल्या चैत्रांत आम्हीं आमच्या पवनी तालुक्यांतीलच अभयारण्याची वाट धरली.

वाटेंत साग निष्पर्ण उभे होते. पायवाटांवर पाचोळा साचला होता. एक विद्यार्थी मोठ्यानें म्हणाला, “सर, हे कायचं जंगल जी! सगळं वाळलेलं!” सारा वर्ग हसला, मीही हसलों. तें हसणें चुकीचें होतें, असें माझें आज मत आहे, व तेंच येथें मांडावयाचें आहे.

पानें गळालेलें झाड वाळलेलें नसतें. आंबोलीस वर्षाकाठीं सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आपल्या भंडारा जिल्ह्यांत सुमारें तेराशें, म्हणजे त्याच्या पंचमांशाहूनही कमी, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. पुढील आठ महिने झाडानें काढावे कसे? पानांवाटे पाणी उडून जातें. म्हणून साग पानेंच टाकून देतो. ऐनाच्या कांहीं झाडांच्या खोडांत तर पाण्याचा सांठाही असतो. पळस फुलतो तो पानें नसतांना. ज्यास आम्हीं दारिद्र्य समजून हसलों, ती वस्तुतः काटकसर होती; आणि काटकसरीचें मोल आपल्या गांवांतील घरांस शिकवावयास नको.

परततांना रानाच्या कडेच्या एका गांवीं आम्हीं थांबलों. तेथें अंगणांत मोहाचीं फुलें वाळत घातलीं होतीं. वर्गांतील एक अबोल मुलगी, जी मघाशीं हसली नव्हती, ती आपण होऊन बोलूं लागली. मोह रात्रीं उमलतो, पहाटे गळतो. उन्हें चढण्यापूर्वीं वेंचला नाहीं तर गुरें व हरणें खाऊन जातात. फुलें दिसावींत म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवितात, आणि तोच विस्तव पुढें रानांत पसरतो. आपली आजी मात्र पाचोळा झाडून काढते, पेटवीत नाहीं. मोहामागून वैशाखांत तेंदूची पानें येतात, तीं विडीसाठीं तोडलीं जातात. पहाटे वाघाचें भय वाटत नाहीं का, असें एकानें विचारलें. “वाटते,” ती म्हणाली, “पण मोह थांबत नाही.”

दर चैत्रांत ही मुलगी शाळेस येत नसे. मी तिच्या नांवापुढें गैरहजेरी मांडीत आलों होतों, व एकदां चारचौघांत रागेंही भरलों होतों. जें रान मी एका दिवसाच्या सहलीस योग्य मानलें, त्याच रानावर तिच्या घरचें मीठमिरचीचें भागत होतें.

कोणी म्हणतील, दूरचें पाहिल्यानें दृष्टि विशाल होते. तें खरें आहे, आणि ज्यांस शक्य असेल त्यांनीं सह्याद्रि अवश्य पाहावा. परंतु जो आपल्या रानास तुच्छ लेखून घरून निघतो, त्यास परक्या रानांत केवळ हिरवा रंग दिसेल. शिवाय तुच्छतेचें फळ येथेंच भोगावें लागतें: जें वाळलेलें समजलें, तें जळालें तरी कोणास वाईट वाटत नाहीं. १९७० सालीं नागझिऱ्यास अभयारण्य झालें, तेव्हां तें आपल्याच भंडारा जिल्ह्यांत होतें. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर तें तिकडे गेलें. कागदावरील सीमा बदलते; रान मात्र जे जपतात त्यांचें असतें.

म्हणून माझी सूचना अशी कीं, शाळेनें दरवर्षीं एकाच रानास दोनदां जावें: एकदां चैत्रांत, पानें गळालेलीं असतां, आणि एकदां पावसाळ्यानंतर अभयारण्याचीं दारें पुन्हां उघडलीं म्हणजे. दोन्ही वेळां तींच झाडें पाहावींत व वहींत नोंदावींत. वाट दाखविण्याचें काम रानाकडेच्या गांवांतील विद्यार्थ्यांकडे असावें. शिक्षकांनीं मागून चालावें.

चैत्रांतील त्या गैरहजेरीचें काय करावें, हें मला अद्याप पुरतें उमगलेलें नाहीं. शाळा बुडूं नये, हें माझें मत कायम आहे. परंतु पुढील चैत्रांत हजेरीपट घेऊन रागें भरण्यापूर्वीं मी तिला आधीं विचारीन, यंदा मोह कसा आहे?