चप्पल कोल्हापुरी, पण माप कोणाचे?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ने कोल्हापुरीसारखी चप्पल सादर केली आणि कोल्हापुरात संतापाची लाट उसळली. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना २०१९ मध्ये या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यामुळे श्रेयाचा प्रश्न रास्तच होता आणि कंपनीलाही चपलेचे मूळ भारतीय असल्याचे मान्य करावे लागले. या चर्चेत कारागिरांचा हक्क आला, चपलेची किंमत आली. पण चप्पल ज्या पायात जाते, तो पाय राहूनच गेला.

पूर्वी कारागीर कागदावर पाय ठेवून घेऊन त्याभोवती रेघ ओढत आणि त्या मापाने चप्पल शिवत. आता जयसिंगपूरच्या बाजारात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, गिऱ्हाईक फक्त नंबर सांगते. हे ‘सात-आठ’ नंबर ब्रिटिश मापाचे असून ते मुख्यतः पायाची लांबी सांगतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीयांचे पाय युरोपीय लोकांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. त्यावरूनच ‘भा’ या नावाने भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला आहे.

रुंद पाय अरुंद बुटात कोंबला की बोटे एकमेकांवर दाबली जातात. मग कुरूप होते, नख मांसात रुतते, अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा असेल तर तो वाढून दुखू लागतो. कोल्हापुरीत बोटे मोकळी राहतात, हा तिचा मोठा गुण. पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, टाचेला मागून आधार नसतो आणि नवी चप्पल चावते. धडधाकट माणसाला ते दुखते, तो चप्पल काढून ठेवतो आणि फोड चार दिवसांत बरा होतो. दुखणे ही इथे धोक्याची सूचना असते.

ही सूचनाच बंद पडली तर? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली, तर पायाच्या नसा बधिर होतात. मग चप्पल चावलेली कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी लक्षात येत नाही. शिरोळ तालुक्याच्या ऊसपट्ट्यात तर तोडलेल्या उसाचे टोकदार बुडखे पातळ रबरी चपलेतून सहज आत घुसतात. पावसाळ्यात ओल्या चपला-बुटांमुळे बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि जंतूंना वाट मिळते. त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल, तर साधा फोड चिघळत जातो. बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते, तेव्हा त्याची सुरुवात बऱ्याचदा अशाच एखाद्या क्षुल्लक जखमेपासून झालेली असते.

बधिर पायाचे हे गणित नवे नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की पाय झडतात ते आजार बोटे खातो म्हणून नव्हे, तर वेदना नसल्याने होणाऱ्या जखमांमुळे. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे एमसीआर चपला त्यातूनच पुढे आल्या. आज त्या मधुमेहींनाही दिल्या जातात.

चप्पल-बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. उभे राहून दोन्ही पायांत घालून पाहावेत. बुटात सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पायाची रेघ कागदावर काढून बूट त्यावर ठेवला आणि रेघ बाहेर दिसली, तर तो बूट आपला नाही. ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर घट्ट बूट घेऊ नये.

मधुमेहींनी घरातही अनवाणी फिरू नये. मागे पट्टा, आत मऊ तळ असलेली पादत्राणे वापरावीत आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगावे. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर औषधी पट्टीही लावू नये. जखम दुखत नाही म्हणून घरी थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दवाखान्यांचीही जबाबदारी आहे. साखर तपासून गोळ्या दिल्या की काम संपत नाही. नायलॉनच्या बारीक धाग्याने तळव्याची संवेदना पाहायला काही मिनिटेच लागतात. ती तपासणी प्रत्येक मधुमेहीची वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. आणि पाय मोजून चप्पल शिवणारे हात कोल्हापूर परिसरात आजही आहेत. सरकारी रुग्णालयांनी मधुमेहींच्या चपलांचे काम त्यांच्याकडे दिले, तर कारागिराला वर्षभर रोजगार मिळेल आणि कितीतरी पाय वाचतील.