दोष हवेत नाही, जोडात आहे

आमगावला भवभूतीचा अभिमान आहे. जवळचं पदमपूर म्हणजेच त्याचं पद्मपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं आणि गावाने ते मनापासून स्वीकारलं; इथलं महाविद्यालयही त्याच्याच नावाचं. न्याय-मीमांसेत मुरलेल्या त्या कवीच्या गावात कुणी काही ठासून सांगितलं, तर 'पुरावा काय?' असं विचारायला हरकत नसावी.

सध्या ठासून सांगितली जाणारी गोष्ट अशी : घरातल्या जुन्या, तारांनी जोडलेल्या सेटला ब्लूटूथ जोडून चांगला आवाज मिळत नाही. हे तिघेजण सांगतात. दुकानदार म्हणतो, म्हणून जुना सेट काढा. जुना दर्दी म्हणतो, म्हणून ब्लूटूथचं नाव काढू नका. आकडेबाज म्हणतो, अमुक कोडेक, म्हणजे गाणं दाबून पाठवण्याची अमुक पद्धत, असेल तरच बोला. तिघांचे सल्ले तीन दिशांना जातात, पण गृहीत एकच : दोष ब्लूटूथचा. माझं म्हणणं असं, की हे गृहीतच खोटं आहे. हवेतून येणारं गाणं घरगुती ऐकण्याला पुरेसं चांगलं असतं. ते बिघडतं ते खाली उतरल्यावर, शेवटच्या वीतभर जोडणीत. ती जोडणी नीट केली तर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर आजच्या फोनवरून झकास वाजतो.

आधी दुकानदार. बाजारात तुम्ही जुन्या सेटचा विषय काढायचा अवकाश, उत्तर तयार असतं : "भाऊ, कायले ठेवता ते कबाड? हा साउंडबार घ्या, ब्लूटूथ आतच हाय." खोक्यावर छापलेला पीएमपीओचा आकडा हजारांत असतो. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी कागदावर काढलेली ताकद; सलग किती वॉट देतो ते आरएमएसमध्ये पाहायचं असतं, आणि तो आकडा खोक्यावर शोधावा लागतो. पण ताकदही बाजूला ठेवू. खर्जाला हवा हलवावी लागते. डग्ग्याचा घुमारा ऐकू यायचा तर कागदाचा मोठा कोन आणि त्यामागे पुरेशी पेटी हवी. सडपातळ बारमधला अडीच-तीन इंचांचा स्पीकर तेवढी हवा हलवूच शकत नाही. मग आतली चिप खर्जाचा आभास तयार करते आणि डग्गा 'धप्प' एवढंच बोलतो. जुन्या लाकडी डब्यातला आठ इंची वूफर हे काम काही न करता करतो, कारण तो त्यासाठीच बनलेला असतो. असा सेट भंगारवाल्याकडे गेला की ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं आणि स्पीकरचं चुंबक किलोच्या भावाने विकलं जातं. आवाजाची किंमत शून्य धरली जाते.

'ब्लूटूथ आतच आहे' हा गुण म्हणून सांगितला जातो. मला तो दोष वाटतो. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर तीस वर्षं टिकतात. बिनतारी तंत्र काही वर्षांत कूस बदलतं. ब्लूटूथवरून संगीत पाठवण्याची मूळ पद्धत, एटूडीपी, अजून चालू आहे, पण 2020 मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओने नवा एलसी थ्री कोडेक आणला आणि फोन हळूहळू तिकडे वळताहेत. लवकर जुनी होणारी वस्तू वेगळ्या डबीत असावी, म्हणजे डबी बदलता येते. ती दीर्घायुषी वस्तूच्या पोटात बसवली की एकीच्या म्हातारपणाने दोघी अडगळीत जातात.

आता दर्दी. याच्याबद्दल मला आदर आहे, कारण याने ऐकलं आहे. त्याचं वाक्य : 'तार ती तार. बिनतारी आवाजात जान नसते.' पण ज्या काळाच्या आठवणीवर तो हे बोलतो, त्या काळात त्याच्या तारेतून येत काय होतं? आकाशवाणीचं नागपूर केंद्र मध्यम लहरींवर लागायचं. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर असतं, आणि शेजारचं केंद्र टाळण्यासाठी साधा रेडिओ साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे स्वर जवळजवळ गाळूनच टाकतो. झांजेची चमक, तंबोऱ्याच्या जवारीतली वरची झिणझिण त्यात यायचीच नाही. नंतर कॅसेट आली. तिच्यामागे कायमची सुस्स, आणि तीच फीत शंभरदा वाजली की वरचे स्वर झिजलेले. उलट ब्लूटूथचा सगळ्यांत साधा, प्रत्येक यंत्रात सक्तीने असलेला एसबीसी कोडेक नीट चालला तर सेकंदाला सुमारे 328 किलोबिट नेतो. सीडीचा आकडा 1411 किलोबिट आहे, तेव्हा बरंच काही गाळलं जातं हे खरं. पण गाळण्याचं गणित कानाला कमी जाणवेल ते आधी टाकतं. मध्यम लहरींवरच्या अभंगाने ज्याचे डोळे पाणावले, त्याला एसबीसीत जान सापडत नाही, हा तर्क टिकत नाही.

तरी दर्दी खोटं बोलत नाही. त्याने ब्लूटूथवर खराब आवाज ऐकलेला आहे. कुठे? बहुधा दोन-तीनशे रुपयांच्या त्या बोर्डावर. निळा डिस्प्ले, पेनड्राइव्हची खाच, कार्डाची खाच, एफएम, आणि चालू करताच कर्कश इंग्रजीत 'जोडणीला तयार' असल्याची घोषणा. मिस्त्री हा बोर्ड ॲम्प्लिफायरच्या पुढच्या पट्टीला भोक पाडून बसवतो आणि त्याला वीज देतो ती त्याच ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवरून. इथे खरी गडबड होते. बोर्डातली अंकीय चिप सतत थोडी-थोडी वीज ओढते-सोडते. तिची आणि आवाजाची परतीची वाट, म्हणजे अर्थिंगची तार, एकच असते. त्या वाटेवरचा खळखळाट थेट गाण्यात मिसळतो : गाणं थांबलं की 'कुईंऽऽ' अशी बारीक शीळ, आणि फोन जोडताना-तोडताना टकटक. काही बोर्ड डावा-उजवा आवाज एकत्र करूनच सोडतात. हे ऐकून कुणीही म्हणेल, बिनतारी वाईट.

पण ती शीळ हवेतून आलेलीच नाही. हवेतून येतात ते आकडे. आकडा एकतर पोचतो नाहीतर पोचत नाही, गाणं तुटतं. आकड्याला हम, म्हणजे विजेची गुणगुण, चिकटत नाही, शीळ चिकटत नाही. शीळ चिकटते आकड्याचं पुन्हा विजेच्या लाटेत रूपांतर झाल्यानंतर, म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या डॅक चिपच्या पुढे, जिथे तार सुरू होते तिथे. दर्दी ब्लूटूथला शिव्या देतो तेव्हा तो प्रत्यक्षात एका वाईट तारेलाच शिव्या देत असतो.

शिवाय आज शुद्ध तार शोधायची कुठे? 2016 मध्ये ॲपलने आयफोनमधलं हेडफोनचं भोक काढलं आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनी तोच रस्ता धरला. आता तार लावायची तर चार्जिंगच्या भोकात बारका ॲडॅप्टर घालायचा. त्या ॲडॅप्टरातही सहसा एक डॅकच असतो, नखाएवढा. मग तो खिशातला डॅक पवित्र आणि ॲम्प्लिफायरशेजारी स्थिर बसलेला, स्वतःची वीज घेणारा, मोठा डॅक बाटलेला कसा?

तिसरा आकडेबाज. याचं वाचन दांडगं. एसबीसी 328, ॲप्टेक्स 352, ॲप्टेक्स एचडी 576, एलडॅक 990. मोठा आकडा म्हणजे मोठं गाणं. ॲण्ड्रॉइडमध्ये 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून एलडॅक आला हे त्याला तोंडपाठ असतं, आयफोन एसबीसी आणि एएसीच्या पुढे जात नाही हेही. माहिती बरोबर आहे, तिच्यावर उभा केलेला निष्कर्ष कच्चा आहे. एक तर एलडॅकचा 990 हा कमाल आकडा. फोनला अडथळा जाणवला की तो 660, मग 330 वर उतरतो, आणि पडद्यावर नाव मात्र एलडॅकच राहतं. दुसरं, मुळात फोनवर काय चालू आहे? फुकटात यूट्यूबवर ऐकलेलं गाणं निघतानाच साधारण सव्वाशे-दीडशे किलोबिटांचं असतं, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेलं त्याहूनही बारीक. विहिरीतच एक घागर पाणी असेल तर मोटेचा व्यास वाढवून काय होणार? चांगल्या कोडेकला माझा विरोध नाही. मिळाला तर घ्यावा. पण जो आधी मूळ फाइल, मग डॅक, मग जोडणी आणि शेवटी कोडेक पाहतो, तो कमी पैशांत जास्त ऐकतो.

आता नुसतं खंडन करून भागत नाही. करायचं काय?

सेटच्या पुढच्या पट्टीला हात लावू नका. तो फिरवून पाठ बघा. लाल-पांढऱ्या गोल जॅकच्या, म्हणजे आरसीएच्या, जोड्या असतात. ऑक्स, टेप, ट्यूनर किंवा सीडी लिहिलेली कुठलीही चालेल. फोनो लिहिलेली अजिबात नाही. ती रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसाठी आहे. सुईचा आवाज काही सहस्रांश व्होल्टचा, म्हणून तिथे आवाज खूपच वाढवला जातो आणि खर्ज मुद्दाम उचलला जातो. ब्लूटूथचा रिसीव्हर त्यात लावला तर आवाज फुटतो, आणि दोष पुन्हा ब्लूटूथच्या माथी येतो. जुन्या फिलिप्ससारख्या सेटला गोल पाच पिनांचं डिन सॉकेट असेल तर त्याचं आरसीएत रूपांतर करणारी तयार वायर मिळते, सोल्डरिंग लागत नाही.

रिसीव्हर वेगळ्या डबीतला घ्या, ज्याला आरसीए आउटपुट आणि त्याचा स्वतःचा ॲडॅप्टर आहे. त्या ॲडॅप्टरवर दुसरं काही चार्जिंगला लावू नका. हम आलीच तर आधी ॲडॅप्टर बदलून पाहा, मग वायर, सगळ्यांत शेवटी रिसीव्हरला बोल लावा. डबी लोखंडी कपाटात किंवा ॲम्प्लिफायरच्या पत्र्यामागे कोंबू नका, 2.4 गिगाहर्ट्झची लहर पत्र्याला अडते, आणि वायफायचा राउटरही त्याच पट्ट्यात बोलतो, म्हणून तो दोन हात लांब असू द्या. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करा. उलटं केलं तर क्षीण आवाज वाढवताना सेटची स्वतःची खरखरही वाढते.

ब्लूटूथ लावण्याआधी सेट तपासा. आवाजाचं बटण फिरवताना खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. स्पीकरच्या कडेची फोमची पट्टी हाताला लागताच भुगा होत असेल तर ती बदलून घ्या. यात घातलेला पैसा कोडेकवर घातलेल्या पैशापेक्षा कैक पटींनी कानाला कळतो. आणि व्हॉल्व्हचा जुना रेडिओ असेल तर घरच्या घरी आत वायर जोडण्याचा उद्योग करू नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही सेटमध्ये आतल्या पत्र्यालाच थेट वीज असते. ते काम जाणत्या मिस्त्रीचं.

तार कुठे जिंकते, तेही सांगायला हवं, नाहीतर माझाही दावा बिनपुराव्याचा ठरेल. ब्लूटूथवर आवाज साधारण दीड-दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो. गाण्याला त्याने फरक पडत नाही, सिनेमात ओठ आधी हलतात. म्हणून टीव्हीला तारच लावा. हार्मोनियम किंवा कीबोर्ड वाजवून स्वतःला ऐकायचं असेल, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकासाठी माइक लावायचा असेल, तिथेही बिनतारी ब्लूटूथ नको. सीडीचा संग्रह असेल तर सीडी प्लेयर तारेनेच वाजवा. पण संध्याकाळी जेवताना फोनवरून भीमसेन किंवा लता ऐकायची आहे, त्याला हे अपवाद लागू होत नाहीत.

एवढं सांगूनही पटत नसेल तर माझ्या शब्दावर जाऊ नका. एकच गाणं, एकच सेट. एकदा तारेने, एकदा ब्लूटूथने. दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा करा, कारण जरासं मोठं वाजलेलं कानाला नेहमी जास्त चांगलं वाटतं आणि बहुतेक वाद तिथेच चुकीच्या बाजूने सुटतात. अदलाबदल घरातल्या दुसऱ्याने करावी, ऐकणाऱ्याने पाठ फिरवून बसावं आणि कागदावर लिहीत जावं. पुन्हा-पुन्हा बरोबर ओळखता आलं तर दर्दी जिंकला, मी हरलो. नाही आलं, तर दुकानदाराकडे जा आणि साउंडबार नको, एक चांगला रिसीव्हर आणि हातभर आरसीए वायर मागा. 'ठेवत नाही' म्हणाला तर मागवायला लावा. गिऱ्हाईक मागेल तेव्हाच दुकानदार माल ठेवतो, आणि आजवर आपण त्याच्याकडे हे मागितलेलंच नाही.