सरासरीच्या आडोशाने मापात पाप

वाण्याने काटा मारला तर गिऱ्हाइकाला तेथल्या तेथे हुज्जत घालता येत असे. तराजू दोघांच्याही डोळ्यांसमोर होता. बंद पाकिटाने तो तराजू दुकानातून उचलून कारखान्यात नेला आणि ग्राहकाच्या हाती उरला केवळ वेष्टनावरील आकडा. तो खरा आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी अर्थातच शासनाच्या वैधमापन यंत्रणेवर येते. १९७७ च्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांपासून २००९ चा वैधमापन कायदा व त्याखालील २०११ च्या नियमांपर्यंत कायद्याला ती मान्यच आहे. प्रश्न आहे तो ती कोठे आणि कशी पार पाडावयाची, हा.

२०२३ मध्ये तामिळनाडूतील तिरुवळ्ळूर जिल्हा ग्राहक आयोगाने निकाल दिलेले बिस्किटांचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. पुड्यावर १६ बिस्किटे छापलेली, आत १५. बिस्किटे नगावर नव्हे तर वजनावर विकली जातात, असा बचाव कंपनीने केला. छापील ७६ ग्रॅमऐवजी पुडा ७४ ग्रॅमच भरला, तेव्हा या वजनाला ४.५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमांना क्षम्य असल्याचे सांगण्यात आले. आयोगाने ते अमान्य करून एक लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. गाजले ते एक बिस्कीट. खरा मुद्दा मात्र त्या साडेचार ग्रॅमांचा होता.

कोणतेही भरणीयंत्र प्रत्येक पाकिटात नेमके तेवढेच भरू शकत नाही. एकात चार ग्रॅम कमी, तर दुसऱ्यात चार जास्त पडणारच. सूट आहे ती यासाठी, आणि तीही एकेका पाकिटापुरती. कारखान्यात नमुने तपासताना त्यांची सरासरी छापील वजनाहून कमी भरता कामा नये, अशी त्याच नियमांची अट आहे. यंत्रच खालच्या अंगाला लावून ठेवणे ही चूक नव्हे, तो हिशेब होय.

एक किलोच्या पाकिटास १५ ग्रॅमची सूट आहे. समजा, उत्पादकाने प्रत्येकात १० ग्रॅम कमी भरले. दुकानात निरीक्षकाने एकेक पाकीट कितीही वेळा तोलले तरी त्याला दोष सापडणार नाही. दहा लाख पाकिटांमागे मात्र १०,००० किलो माल वाचला. शंभर रुपये किलोने दहा लाख रुपये! २००९ च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला तो १०,००० ते ५०,००० रुपयांचा, शिवाय शुल्क भरून खटल्याविना प्रकरण मिटविण्याची मुभा. असा दंड जमाखर्चात सहज मावतो. लहान पुड्यांना, म्हणजे ५० ग्रॅमपर्यंत, सूट ९ टक्के आहे. ते पुडे कोण विकत घेतो, हे सांगावयास नको.

दहा ग्रॅमसाठी कोणी आयोगाची पायरी चढत नाही, आणि चढलाच तरी त्याच्या हाती पाकीट एक. सरासरी तो कशी सिद्ध करणार? म्हणून तपासणीचा भर दुकानाऐवजी भरणीच्या ठिकाणी हवा. मोठ्या कारखान्यांत प्रत्येक पाकीट तोलून नोंद ठेवणारी यंत्रे असतात. निरीक्षकाने त्या नोंदी मागाव्यात. दंडही त्या घाणीतील एकूण तुटीच्या किमतीच्या काही पटींत असावा. त्यात लहान उत्पादकावर अन्याय होईल ही भीती अनाठायी आहे. हाताने पापड भरणाऱ्या गृहोद्योगाला आज खुपतो तो ठोक दंड. मालाच्या प्रमाणात आकारला तर त्याचा वाटा शेकड्यांतच राहील.